कंत्राटदाराने टिपलेली देवयानी

कार्तिक महिन्यातली अमावस्येच्या आसपासची एखादी रात्र. फटाक्यांचा धूर विरलेला, हवेत नुकता गारवा आलेला. अशा वेळी शहराबाहेर, एखाद्या खेड्यात मुक्काम असेल तर नऊच्या सुमारास अंगणात या आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. इंग्रजी एम अक्षराच्या आकारात मांडलेल्या पाच तारका चटकन ओळखू येतील. ती शर्मिष्ठा. तिच्याही वर, जवळजवळ माथ्याकडे, तारकांची एक रांग गेलेली दिसते. ती देवयानी. पूर्वेच्या अंगाला ययाती आहेच. महाभारतातल्या या तिघांची आकाशातही सुटका झालेली नाही!

देवयानीच्या त्या रांगेजवळ थोडा वेळ नजर स्थिर केली, तर एक अंधूक, धूसर ठिपका दिसतो. काचेवर कुणी फुंकर मारावी तसा. नुसत्या डोळ्यांनी आपल्याला दिसू शकणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूंपैकी ही एक. या ठिपक्यातून आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजच्यासारखा माणूसच नव्हता. कारण तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे वाट चालून आला आहे.

आज पुण्या-मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक सहा-आठ इंचांची दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन अंधाऱ्या जागी जातात आणि पहाटे परतताना देवयानीचे छायाचित्र घेऊन येतात. मधला तेजस्वी गाभा, त्याभोवती वळत गेलेले प्रकाशाचे पट्टे, पट्ट्यांमधल्या काळ्या धुळीच्या रेषा. हे चित्र आता आपल्या इतके ओळखीचे झाले आहे, की ते पहिल्यांदा कुणी पाहिले असेल हा प्रश्नही मनात येत नाही. ते पहिल्यांदा टिपले एका हौशी माणसानेच. तो ना प्राध्यापक होता, ना कुठल्या सरकारी वेधशाळेचा नोकर. लिव्हरपूल शहरात इमारती बांधणारा तो एक कंत्राटदार होता. त्याचे नाव आयझॅक रॉबर्ट्स.

चुन्याच्या भट्टीपासून

रॉबर्ट्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२९ रोजी उत्तर वेल्समधल्या डेन्बी गावाजवळ, ग्रोस नावाच्या खेड्यात झाला. वडील शेतकरी. घरची भाषा वेल्श. पुढे सारे आयुष्य इंग्लंडमध्ये गेले, तरी ती त्यांनी सोडली नाही. १८४४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिव्हरपूलच्या एका बांधकाम कंपनीत त्यांना सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवण्यात आले. इमारती बांधणे आणि चुना भाजणे हा त्या कंपनीचा व्यवसाय. विटा, चुना, लाकूड आणि मजूर यांच्यात हा मुलगा वाढला. १८५५ पर्यंत तो त्याच कंपनीचा व्यवस्थापक झाला. मालक वारल्यावर कंपनीचा कारभार आवरण्याचे कामही त्याच्याकडेच आले. १८५९ मध्ये त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि तीनच वर्षांनी जुन्या मालकाच्या मुलाला भागीदार म्हणून सोबत घेतले. लिव्हरपूल त्या काळी भराभर वाढत होते. मोठमोठी कंत्राटे मिळत गेली, पैसा आला.

पैसा आल्यावर माणसे काय काय करतात! रॉबर्ट्स यांनी जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास सुरू केला. कातळातून पाणी कसे झिरपते, खारे पाणी वालुकाश्मातून गाळले गेले तर काय होते, असे प्रश्न त्यांना पडत. १८७० साली ते लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेचे सदस्य झाले.

त्यांचा आणखी एक उद्योग तर आपल्याकडच्या कणगी आणि बळदाशी थेट नाते सांगणारा आहे. साठवलेल्या धान्याचा दाब तळावर किती पडतो? पाण्याचे सोपे असते, पिंप जितके खोल तितका तळाशी दाब जास्त. धान्याचे तसे नाही. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत रॉबर्ट्स यांनी गव्हाने भरलेल्या कोठ्यांवर प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका ठरावीक उंचीनंतर वरून कितीही धान्य ओतले तरी तळावरचा दाब फारसा वाढत नाही. जादा भार कोठीच्या भिंती घासणीने तोलून धरतात. धान्याची कोठारे बांधणाऱ्यांना हे गणित पुढे फार उपयोगी पडले.

हा तपशील मुद्दाम सांगितला, कारण त्यात रॉबर्ट्स यांचा स्वभाव दिसतो. ऐकीव गोष्टीवर भरवसा नाही, स्वतः मोजून पाहायचे आणि मोजलेले नीट लिहून ठेवायचे. आकाशाकडे वळताना त्यांनी हीच सवय सोबत नेली. त्या सवयीने त्यांना मोठे यश दिले, आणि एक मोठी चूकही त्यांच्या पदरात टाकली.

डोळ्याऐवजी काच

आकाशाचा नाद लागला तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. १८७८ साली त्यांनी सात इंचांची दुर्बीण घेतली. त्या काळचा ज्योतिर्विद दुर्बिणीला डोळा लावून बसे आणि जे दिसे ते पेन्सिलीने कागदावर काढी. तेजोमेघांच्या बाबतीत यात मोठी पंचाईत होती. ते इतके अंधूक, की दिसते किती आणि भासते किती याचा भरवसा नसे. एकाच तेजोमेघाची दोघांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच वस्तूची आहेत असे वाटू नये!

आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी ७२ इंचांच्या अजस्र दुर्बिणीतून १८४५ साली एका तेजोमेघाचा भोवऱ्यासारखा सर्पिल आकार पाहिला होता. पण देवयानीतल्या सर्वांत मोठ्या आणि तेजस्वी तेजोमेघाचे कोडे काही उलगडत नव्हते. अमेरिकेत हार्वर्डच्या जॉर्ज बाँड यांना त्यात दोन सरळ काळ्या रेषा दिसल्या होत्या. त्या कशाच्या, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

अशा वेळी छायाचित्रणाची कोरडी काच हाती आली. त्याआधीची ओली काच काही मिनिटांत वाळून निकामी होई, म्हणून अंधूक वस्तूंसाठी तिचा उपयोग नव्हता. जिलेटिनचा लेप दिलेली कोरडी काच मात्र तासन् तास उघडी ठेवता येई. माणसाचा डोळा एका क्षणात जेवढे दिसते तेवढेच पाहतो, पुढच्या क्षणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काच मात्र थेंबे थेंबे तळे साचावे तसा प्रकाश साठवत राहते. १८८३ साली एन्सली कॉमन या दुसऱ्या एका हौशी इंग्रज अभियंत्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे असे सुरेख छायाचित्र घेतले, की ज्योतिर्विदांचे डोळे उघडले. त्याच सुमारास रॉबर्ट्स यांनीही साध्या कॅमेऱ्याच्या भिंगांनी ताऱ्यांची चित्रे घ्यायला सुरुवात केली.

१८८५ मध्ये लिव्हरपूलजवळच्या मगल गावी, आपल्या घराच्या आवारात, त्यांनी २० इंच व्यासाची आरशाची दुर्बीण उभारली. ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यात बनली होती. तिची मांडणी मोठी नामी होती. एकाच आसाच्या एका टोकाला छायाचित्राची मोठी दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला जुनी सात इंची. मोठीत काच बसवायची आणि लहानीतून पाहायचे. आरशाने एकवटलेला प्रकाश दुसऱ्या आरशावर न वळवता थेट काचेवर घ्यायचा, म्हणजे वाटेत तो वाया जात नाही. कंत्राटदाराची काटकसर इथेही सुटली नव्हती!

या दुर्बिणीने सबंध उत्तर आकाशाचा छायाचित्रांचा नकाशा करण्याचा त्यांचा बेत होता, तोही एकट्याने. पण १८८७ साली पॅरिसमध्ये अनेक देशांच्या ज्योतिर्विदांनी एकत्र येऊन तेच काम वाटून घेतले. रॉबर्ट्स यांनी आपला नकाशा बाजूला ठेवला आणि सारे लक्ष तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांच्याकडे वळवले. झाले ते भल्यासाठीच झाले.

ती डिसेंबरची रात्र

२९ डिसेंबर १८८८. अमावस्या तीन दिवसांवर आलेली, म्हणजे आकाश काळेभोर. मगलच्या वेधशाळेत २० इंची दुर्बीण देवयानीवर रोखलेली होती. काच सुमारे चार तास उघडी राहिली.

चार तास काच उघडी ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. त्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरती ठेवण्यासाठी वजनावर चालणारे घड्याळी यंत्र असे. पण ते कधी किंचित पुढे धावे, कधी मागे पडे. म्हणून निरीक्षकाने लहान दुर्बिणीला डोळा लावून एका ताऱ्यावर नजर खिळवायची आणि तो तारा खुणेच्या रेषेवरून जरासा हलला, की लगेच दुर्बीण सावरायची. शेकोटी पेटवायची सोय नाही, कारण गरम हवेने ताऱ्यांची प्रतिमा थरथरते. उत्तर इंग्लंडमधली डिसेंबरची थंडी, छत उघडे आणि पापणी लवायची चोरी. इतके करून ढग आला, काचेवर दव पडले किंवा धक्का लागला, तर सगळी रात्र फुकट.

त्या रात्रीची काच फुकट गेली नाही. धुऊन उजेडात धरल्यावर तिच्यावर जे उमटले होते, ते माणसाने त्यापूर्वी इतक्या स्पष्टपणे कधीच पाहिले नव्हते. देवयानीचा तेजोमेघ म्हणजे नुसता धुराचा लोळ नव्हता. तिरक्या धरलेल्या ताटासारखा तो दिसत होता आणि त्यात गाभ्याभोवती वळसे घेत गेलेले प्रकाशाचे पट्टे होते. बाँड यांच्या दोन सरळ काळ्या रेषा म्हणजे या वळशांमधल्या फटी होत्या! लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे ही चित्रे आली, तेव्हा जाणकार थक्क झाले. चाळीस वर्षे अडलेले कोडे एका बांधकाम कंत्राटदाराच्या काचेने एका रात्रीत सोडवले होते.

पण खरेच सोडवले होते का?

बरोबर चित्र, चुकीचा अर्थ

मधे तेजस्वी गोळा, भोवती वायूची कडी आणि कड्यांच्या जवळ दोन लहान ठिपके. एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित माणसाला हे चित्र पाहून काय आठवेल? लाप्लासची कल्पना. फिरणारा वायूचा मेघ आकुंचन पावतो, त्याच्यापासून कडी सुटतात, कड्यांचे ग्रह होतात आणि मधे उरतो तो सूर्य. रॉबर्ट्स यांना वाटले, की आपण एका नव्या सूर्यमालेचा जन्मच टिपला आहे. ते दोन ठिपके म्हणजे घडत असलेले ग्रह. बहुतेक सगळ्या ज्योतिर्विदांनाही हेच पटले. तेजोमेघ हे आपल्या आकाशगंगेबाहेरचे स्वतंत्र ताऱ्यांचे समूह असतील, ही जुनी कल्पना तर १८९० च्या सुमारास कालबाह्य ठरवण्यात आली होती. तिला मागे सारण्यात रॉबर्ट्स यांच्या छायाचित्राचाही हातभार लागला.

नियतीची थट्टा म्हणतात ती हीच. दुसऱ्या दीर्घिकेचे रूप जगाला पहिल्यांदा स्पष्ट दाखवणाऱ्या चित्रानेच, दुसऱ्या दीर्घिका नाहीत असे जगाला पटवले! काच खोटे बोलली नव्हती. तिच्यावर जे होते ते सारे खरे होते. चुकला होता तो तिच्यापुढे उभा असलेला माणूस, कारण समोरची वस्तू किती दूर आहे हे त्याला ठाऊक नव्हते. अंतर ठाऊक नसले, की हाताएवढी वस्तू आणि डोंगराएवढी वस्तू सारखीच दिसते.

रॉबर्ट्स यांना मात्र आपल्या काचांवर गाढ विश्वास होता. १८९० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी अधिक स्वच्छ हवेच्या शोधात ससेक्समधल्या क्रोबरो इथल्या उंचवट्यावर राहायला गेले. घराला त्यांनी तारांगणाला शोभेल असे स्टारफील्ड हे नाव दिले. १८९२ पासून विल्यम फ्रँक्स हे सहायक त्यांच्याकडे होते. क्रोबरोच्या बहुतेक रात्री दुर्बिणीशी जागवल्या त्या फ्रँक्स यांनी. मालकाचे नाव इतिहासात राहिले, फ्रँक्स यांचे नाव आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. अशी माणसे प्रत्येक मोठ्या कामामागे असतात. त्यांची आठवण निदान अशा निमित्ताने तरी ठेवावी.

१८९३ आणि १८९९ मध्ये या छायाचित्रांचे दोन देखणे खंड प्रसिद्ध झाले. प्रत्येक चित्राखाली तारीख, काच किती वेळ उघडी होती आणि आकाशातली जागा यांची चोख नोंद. हेतू असा, की पुढच्या पिढ्यांनी आपली चित्रे यांच्याशी ताडून पाहावीत आणि तेजोमेघ किती फिरले, किती बदलले ते शोधावे. त्यातही एक खोच होती. एवढ्या प्रचंड वस्तू माणसाच्या आयुष्यात हललेल्या दिसणे शक्यच नव्हते. आपल्या सूर्यालाच आकाशगंगेभोवती एक फेरी घालायला २२ ते २५ कोटी वर्षे लागतात! १८९५ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

ढगाआडचे ग्रहण

१८९६ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी रॉबर्ट्स बोटीने नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, वाद्सो इथे गेले. युरोपभरातून ज्योतिर्विद तिथे जमले होते. ९ ऑगस्टची सकाळ उजाडली ती ढग घेऊनच. ग्रहण झाले ते ढगांच्या आड. शेकडो मैलांचा प्रवास वाया गेला म्हणून सारे हळहळले. रॉबर्ट्स यांचा मात्र प्रवास वाया गेला नाही. त्याच बोटीवर त्यांची गाठ डोरोथिया क्लुम्पके यांच्याशी पडली.

सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या डोरोथिया तेव्हा पस्तिशीच्या घरात होत्या. १८९३ मध्ये शनीच्या कड्यांवरच्या गणिती प्रबंधाला पॅरिसच्या सोरबॉनची डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती, आणि पॅरिस वेधशाळेत ताऱ्यांच्या छायाचित्रांची मोजणी करणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. ज्या आंतरराष्ट्रीय नकाशामुळे रॉबर्ट्स यांनी आपला बेत सोडला, त्याच नकाशाचे काम त्या करीत होत्या! बाईंचे धाडसही मोठे. १८९९ साली सिंह राशीतून होणारा उल्कावर्षाव पाहण्यासाठी त्या बलूनमध्ये बसून ढगांच्या वर गेल्या.

१९०१ साली दोघांचा विवाह झाला. रॉबर्ट्स ७२ वर्षांचे, त्या चाळिशीच्या. रॉबर्ट्स यांचा हा दुसरा विवाह. लोकांनी काय म्हणायचे ते म्हटले असेल. डोरोथिया पॅरिसची मानाची जागा सोडून क्रोबरोला आल्या आणि काचांच्या कामात नवऱ्याच्या बरोबरीने उतरल्या.

त्या वेळी एक जुना वाद रंगला होता. विल्यम हर्शेल यांनी शतकभर आधी आकाशातल्या ५२ जागी अंधूक, पसरट तेजोमेघ असल्याचे नोंदवले होते. रॉबर्ट्स यांनी त्या सगळ्या जागांची छायाचित्रे घेतली आणि जाहीर केले, की चार ठिकाणे सोडली तर बाकी ४८ जागी काहीही नाही. काचेवर नाही म्हणजे आकाशात नाही! अमेरिकेचे बर्नार्ड आणि जर्मनीचे मॅक्स वोल्फ या दोघांनी ते मानले नाही. रुंद पट्टा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी त्यांनी अशा पसरट तेजोमेघांची चित्रे घेतली होती, आणि पुढे त्यांचेच म्हणणे पुष्कळसे खरे ठरले. कोठीतल्या धान्याचा दाब मोजणाऱ्या माणसाने एक गोष्ट विसरायला नको होती. प्रत्येक मापाची एक मर्यादा असते, आणि आपल्या मापात जे बसत नाही ते नसतेच, असे नाही.

हा वाद मिटण्याआधीच, १७ जुलै १९०४ रोजी, रॉबर्ट्स अचानक गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी लिव्हरपूल, कार्डिफ आणि बँगोर इथल्या उच्चशिक्षण संस्थांत शिष्यवृत्त्यांसाठी ठेवला. लहान वयात कामाला लागलेल्या पोरांचे दुःख त्यांना परके नव्हते.

काचांचे पुढे काय झाले

लग्नाला तीन वर्षे झाली होती. डोरोथिया यांनी सगळ्या काचा आणि वह्या गोळा केल्या आणि त्या फ्रान्सला परतल्या. पुढची पंचवीस वर्षे त्यांनी नवऱ्याचे अपुरे काम पुरे करण्यात घालवली. १९२९ साली, रॉबर्ट्स यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या ५२ जागांचा छायाचित्रसंग्रह पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. १९४२ साली, आपल्या जन्मगावी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा अंत झाला.

दरम्यान आकाशाचा अर्थ पार बदलला होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनवर एडविन हबल यांनी १०० इंची दुर्बिणीने देवयानीचे छायाचित्र घेतले. तिच्यात त्यांना तेज कमी-जास्त होणारा एक विशिष्ट प्रकारचा तारा सापडला. अशा ताऱ्यावरून अंतर काढता येते. ते आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचे निघाले. १९२५ च्या १ जानेवारीला हे जाहीर झाले आणि रॉबर्ट्स यांची सूर्यमाला मोडीत निघाली. तो वायूचा मेघ नव्हता, अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका होती. आणि ते दोन ठिपके ग्रह नव्हते, त्याही दीर्घिकाच होत्या.

जाता जाता एक आपल्याकडची नोंद. ज्या १८८८ साली मगलला ती काच उघडली गेली, त्याच वर्षी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिची मुख्य दुर्बीणही डब्लिनच्या त्याच ग्रब यांच्या कारखान्यातली. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

रॉबर्ट्स यांचा अर्थ चुकला, मग त्यांच्या आयुष्याचे संचित काय? संचित आहे ते त्या काचाच. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे चित्राला कुठे रंग दिला नाही, रेषा ओढली नाही. दिसले ते तारीखवार नोंदवून ठेवले आणि पुढे येणाऱ्यांच्या हाती दिले. अर्थ पुढच्यांनी दुरुस्त केला, चित्र दुरुस्त करायची कुणाला गरज पडली नाही. आजचा हौशी छायाचित्रकार रात्रभरात घेतलेली शेकडो लहान-लहान चित्रे संगणकात एकावर एक रचतो आणि रॉबर्ट्स यांच्याहून किती तरी सरस चित्र मिळवतो. पण अंगणात थंडीने कुडकुडत तो ज्याची वाट पाहत असतो, तो थेंबाथेंबाने साचणारा प्रकाश तोच आहे.

कार्तिकात देवयानी पाहाल, तेव्हा त्या धूसर ठिपक्याकडे थोडे अधिक वेळ पाहा. आणि पाहणे बरोबर असूनही समजणे चुकू शकते, हे ज्याच्या गोष्टीतून कळते त्या वेल्श कंत्राटदाराची, त्याच्यासाठी रात्री जागवणाऱ्या सहायकाची आणि त्याच्यामागे काचा सांभाळणाऱ्या त्याच्या विदुषी पत्नीचीही आठवण करा.